अनसूया किती चढली

आमचे घरमालक तात्या रोज सकाळी तोंड धुऊन झालं की अंगणाच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात उभे राहून अनसूयेला झापायचे.

"काय गं अनसूये, काल दिसभर केलंस काय? हाय तितंच हायस. खायला कमी पडतं तुला? पानी कमी पडतं? मग लाज कशी नाय वाटत?"

 आणि मग तोच आवाज एकदम खाली यायचा, लहान मुलाला औषध पाजताना येतो तसा.

"चढ गं बाय. आज येवडी तरी चढ."

मी तेव्हा नवी नवरी होते. आमच्या ह्यांना बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. बोईसरमध्ये जागा परवडेना, म्हणून नवापूरच्या अलीकडच्या एका वाडीत तात्यांच्या घरातल्या खालच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. हे सायकलवर डबा लावून निघून जायचे आणि मी दिवसभर नारळी-केळींच्या सावलीत एकटी. माझ्या खिडकीतून तो कोपरा दिसत नव्हता, नुसतं ऐकू यायचं. आणि जे ऐकू यायचं त्यानं माझं रक्त खवळायचं. घरात कुणी अनसूया नावाची मुलगी आहे, बहुधा सून, तिला हा म्हातारा छळतो, आणि ती बिचारी उलटून एक शब्द बोलत नाही, एवढं मी ठरवून टाकलं. त्यात एकदा शेजाऱ्याला सांगताना ऐकलं, "काल रात्री अनसूया अशी चढली, इचारू नका." या भागात ताडी घरोघर असते हे ह्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे छळाला कंटाळून पोर प्यायला लागली होती.

माझं वय बावीस. पदवी वनस्पतिशास्त्राची, दुसरा वर्ग. जगात जिथे जिथे अन्याय आहे तिथे तिथे माझी वाट बघत लोक थांबलेत, अशी माझी समजूत होती. एका सकाळी पदर खोचला आणि तरातरा कोपऱ्यात गेले.

"तात्या, बाईमाणसाशी बोलायची ही पद्धत झाली?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "आदी चपला काढ, सूनबाय. वेलीत पायतान चालत नाय. आन बाईमानूस कुटं दिसलं तुला?"

समोर एक वेल होती. हडकुळी, गडद हिरव्या पानांची, काथ्याच्या दोरीला धरून गुडघ्याएवढी वर आलेली. एवढीच. हीच अनसूया.

मी चपला काढल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

वेलीची हकीकत वाडीत सगळ्यांना पाठ होती. तात्यांना माडीच्या खिडकीपर्यंत जाईल अशी एक वेल हवी होती. त्या बाजूला समुद्राचा खारा वारा थेट येतो. आधी लावलेली जाई जळली, चमेली अर्ध्यावर जाऊन पानं टाकून बसली. मग डहाणूकडच्या कुठल्याशा बंगल्याच्या बागेत त्यांनी ही वेल बघितली. तिथला माळी हिंदी बोलणारा. तो म्हणाला, हनीसकल आहे, बारा महिने हिरवी राहते, कुठेही चढते. तात्यांनी फांदी मागून घेतली, ओल्या गोणपाटात बांधली आणि एसटीत मांडीवर धरून आणली. नाव विसरू नये म्हणून वाटभर 'हनीसकल, हनीसकल' म्हणत आले. बोईसरला उतरेपर्यंत खड्ड्यांनी त्या शब्दाची अनसूया केली. असं वाडीतले लोक सांगायचे आणि तात्या ते ऐकून काहीच बोलायचे नाहीत.

आता, वनस्पतिशास्त्राची पदवी घरात असताना एखाद्या वेलीला चुकीच्या नावानं हाक मारली जाते, हे मी कसं सहन करणार? मी तात्यांना प्रथम सांगितलं की ही मधुमालती. मग माहेरून पुस्तक मागवलं, त्यातलं चित्र पाहिलं आणि सांगितलं की मधुमालती नव्हे, ती वेगळी, ही खरंच हनीसकल. तात्यांनी दोन्ही वेळा सारख्याच गांभीर्यानं मान हलवली.

"म्हणा बघू, ह-नी-स-कल."

"अनसूया."

"ह."

"ह."

"नी."

"नी."

"सकल."

"सकल."

"आता सगळं एकदम."

"अनसूया," तात्या म्हणाले आणि पाणी घालायला वाकले.

मी हार मानणाऱ्यातली नव्हते. बिस्किटाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण घेतलं, त्यावर पांढऱ्या रंगानं सुबक अक्षरात 'हनीसकल' असं रंगवलं, वर भोक पाडलं, सुतळी ओवली आणि वेलीच्या दोरीला टांगलं. तात्यांनी ते एकेक अक्षर लावत वाचलं. "झकास," म्हणाले. मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटी शेळीच्या गळ्यात.

"शेळीला नाव नवतं," तात्या म्हणाले. "तू येवडं रंगवून आनलंस, वाया कशाला घालवायचं?"

तेव्हापासून शेळी हनीसकल आणि वेल अनसूया. शेळी त्या नावाला ओ सुद्धा द्यायची.

तात्यांच्या हाताखालून पूर्वी पानवेली गेलेल्या. केळवे-माहीमच्या बाजूला त्यांच्या वडिलांचा पानमळा होता, खायच्या पानांचा. पुढे विहिरी खारट झाल्या, मळा गेला, तात्या इकडे नारळ-केळीत आले. पण पानमळ्याचे कायदे त्यांच्या अंगातून गेले नव्हते. वेलीपाशी चपला नकोत. वेलीपाशी शिट्टी वाजवायची नाही. वेल सुतळीनं बांधायची नाही, सुतळी कापते. केळीच्या खोडाचं सोपट भिजवून त्याच्या पट्ट्यांनी बांधायची, तीही सैल, बांगडीसारखी. मुळाशी सोललेल्या नारळाची सोडणं रचून ठेवायची, कारण वेलीचं डोकं उन्हात आणि पाय सावलीत हवेत. इथपर्यंत माझ्या पुस्तकाचीही हरकत नव्हती. पण खत म्हणून ते सुक्या मासळीचा चुरा घालायचे. त्या चुऱ्यावर आसपासच्या सगळ्या मांजरांची रोज संध्याकाळी सभा भरायची. तात्या काठी घेऊन पहाऱ्याला बसायचे आणि आमच्या घरात स्वयंपाक कसलाही असो, वास बोंबलाचाच. हे घरी आले की दारातूनच आशेनं विचारायचे, "आज काय केलंयस?" मी म्हणायची, "दुधी."

आता माडीचं सांगायला हवं.

माडीवर तात्यांची बायको होती. वाडी तिला मोठीबाय म्हणायची. आम्ही तिथे राहायला जायच्या आदल्या वर्षी ती वर भाताच्या कणगीतून भात काढताना पडली आणि खुब्यात मोडली. हाडवैद्य वरच येऊन पट्टे बांधून गेला. हाड बसलं, पण वाकडं. काठी घेऊन खाटेपासून खिडकीपर्यंत यायची, पण जिना तिला उतरवेना. जिना कसला, शिडीच ती. तात्यांनी खुर्ची आणली, वाडीतले चार गडी जमवले. मोठीबायनं खाटेवरूनच त्यांना परत पाठवलं.

"सोताच्या पायानं वर आले, सोताच्या पायानं खाली येईन. चौगांच्या हातावर एकदाच उतरायचं असतं, तेवा मला इचारू नका."

तेव्हापासून ती वर आणि तात्या खाली. मुलं कामाधंद्याला लांब, म्हणून अंघोळीपुरती शेजारची एक बाई यायची. ताट तात्या स्वतः घेऊन चढायचे, ठेवायचे, रिकामं ताट घेऊन उतरायचे. वर दोघं काय बोलायची कोण जाणे. मी कान देऊन ऐकलं आहे, चांगल्या घरच्या मुलीनं देऊ नये इतका कान देऊन, आणि मला एकच शब्द ऐकू आला. "मीठ."

मात्र खाली तात्यांचा अनसूयेवर आरडाओरडा सुरू झाला की वरून काठीचा आवाज यायचा. माडीच्या फळ्यांवर, ठक्. एकदाच. मला वाटायचं, सकाळी सकाळी या कटकटीनं म्हातारीची झोप मोडते, म्हणून ती वैतागून आपटते. मी एकदा तात्यांना तसं म्हणालेही, "मोठीबायला त्रास होतो, हळू बोला." तर दुसऱ्या दिवशी ते आणखी मोठ्यानं ओरडले.

मोठीबाय खाली हिंडती-फिरती होती तेव्हा अंगणातल्या मोगऱ्याला आणि अबोलीला उसंत नसायची, असं बायका सांगायच्या. रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं फुलं खुडायची आणि माळायची. आता फुलं नुसती गळून पडायची. मी तात्यांना म्हटलं, "ओंजळभर वर नेऊन द्या की."

मी त्यांना लुगडं नेसून बाजारात जायला सांगितलं असावं, असा त्यांचा चेहरा झाला.

"मी? फुलं घेऊन जिना चढू? या वयात? आन कोनी बगितलं तर?"

"वर कोण आहे बघायला?"

"तीच बगेल की," तात्या म्हणाले.

मग मीच ओंजळभर मोगरा घेऊन वर गेले. मोठीबायनं वास घेतला, फुलं खिडकीच्या चौकटीवर ठेवली, माळली नाहीत.

"तोडून आनून दिलेलं देवाला असतं, पोरी. मी काय देव हाय? सोताच्या हातानं खुडलं तर ते आपलं."

खिडकीतून तिनं खाली बघितलं. तात्या अनसूयेच्या मुळाशी उकिडवे बसून मांजरं हाकत होते. "बग," ती म्हणाली, "त्या हडकुळीच्या मागं लागलंय येडं म्हातारं. चढतेय कुटं ती."

तेव्हा कुठे माझ्या दुसऱ्या वर्गाच्या डोक्यात उजेड पडला. वेल खिडकीपर्यंत का हवी, बारा महिने हिरवी का हवी, मांजरांवर पहारा का हवा. म्हातारा फुलं घेऊन जिना चढणार नव्हता, म्हणून तो फुलांनाच भिंतीवरून पाठवत होता. ती हात बाहेर काढील आणि स्वतः खुडील. मी तात्यांना म्हटलं नाही की मला कळलं. पण त्या दिवसापासून दुधी शिजवताना मासळीचा वास नको म्हणून खिडकी बंद करणं सोडून दिलं.

आणि मी मदतीला लागले, म्हणजे अडचण वाढली. वेलीची शेंडी दोरी सोडून लोंबत होती, ती मी माझ्या बुद्धीला पटेल त्या दिशेनं दोरीला गुंडाळली. सकाळी ती सुटलेली. पुन्हा गुंडाळली. पुन्हा सुटलेली. तिसऱ्या वेळी तात्या म्हणाले, "सूनबाय, तिला ज्या अंगानं जायचं त्या अंगानं जाऊ दे. लगीन लावतेस का तिचं?"

तरी त्या वर्षी अनसूया चढली. पावसाच्या शेवटी कमरेला, थंडीत छातीला, मग तात्यांच्या डोक्यावरून वर. खिडकी आता हात-दीड हातावर राहिली. टोकाशी कळ्यांसारखं काही दिसायला लागलं. मी ह्यांना रोज संध्याकाळी बातमी द्यायची आणि हे सायकल भिंतीला लावता लावता विचारायचे, "किती चढली?"

होळी झाली. एका सकाळी बघते तर तात्या शिडीवर. वरून एकेक सोपट सोडवताहेत आणि वेल खाली घेताहेत. खाली मुळाशी खड्डा. त्यात त्यांनी अनसूयेला दोरखंडासारखं वेटोळं करून बसवलं, वर माती लोटली, टोक तेवढं बाहेर ठेवलं. वर्षाची चढाई पुन्हा गुडघ्याएवढी झाली.

मी धावत शिडीखाली गेले. "तात्या, अहो, काय केलंत हे?"

"उतरवली," तात्या घाम पुसत म्हणाले. "दरसाल वेल उतरवायची असते. मातीत बसली की फिरून मुळं धरते, जोम येतो. नायतर खाली नागडी होते."

"ते पानवेलीचं. ही पानवेल नाही. ही हनी..."

"शेळीला हाक मारू नको, ती येईल," तात्या म्हणाले.

माडीवर खिडकी लागल्याचा आवाज आला.  ज्या गोष्टीसाठी माणूस वर्षभर मांजरांशी लढला, ती गोष्ट हाताशी आल्यावर कुणीतरी वडिलांच्या मळ्याचा कायदा म्हणून खाली गाडतं, ही जिद्द म्हणायची की काय म्हणायचं? तात्यांना मात्र काहीच वाईट वाटलेलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातून आवाज आलाच. "काय गं अनसूये, कवा चढायला लागनार?"

वरून काठी, ठक्.

दुसऱ्या वर्षी मातीतून एकीच्या जागी चार अनसूया निघाल्या. जोमाचं तात्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे मला कबूल करावं लागलं, मी ते मनातल्या मनात केलं. चारही धावत सुटल्या. दिवाळीपर्यंत निम्मी भिंत हिरवी. आणि दिवाळीनंतरच्या एका दुपारी शेळीनं दावं तोडलं.

आरडाओरडा ऐकून शेजारपाजारचे धावले. "काय झालं, तात्या?"

तात्या हातात एक बोडकी काडी धरून उभे होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "हनीसकलनं अनसूया खाल्ली."

शेळी बाजूला उभी होती. गळ्यात माझी सुबक पाटी, तोंडात शेवटचं पान. आणि वरून हसण्याचा आवाज आला. मोठीबायचं हसणं मी तोवर ऐकलं नव्हतं. खोकल्यासारखं सुरू झालं आणि थांबेचना. तात्यांनी मान वर केली. हातात ती बोडकी काडी, आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू. धक्क्यानं यांना वेड लागलं, असं मला वाटलं. मी बाविसाची आता चोविसाची झाले होते, पण अक्कल त्या मानानं चढली नव्हती.

शेळी तात्यांनी विकली नाही. "हिरवं दिसलं, खाल्लं. तिचं काय चुकलं?" दावं तेवढं साखळीचं केलं. खालचं खोड शाबूत होतं, त्याला पुन्हा मासळीचा चुरा, पुन्हा मांजरं, पुन्हा सकाळची हजेरी. त्या होळीला उतरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून उतरवणं टळलं. आणि त्याच्या पुढच्या थंडीत अनसूया अशी सुटली की होळीच्या आधी खिडकीच्या चौकटीला हात लावला. कळ्यांचे जोड जागोजाग. मोठीबाय बोटानं मोजताना मला खालून दिसायची.

आता फक्त होळी मध्ये होती. तात्यांनी खड्डा खणून ठेवला होता. सोपट सोडवायला कोयतीही परजून झाली होती. मी विनवलं, पुस्तक दाखवलं, हे सुट्टीच्या दिवशी पुरुषापुरुषांतलं म्हणून समजावायला गेले आणि नारळाचं पाणी पिऊन परत आले. तात्यांचं एकच. "उतरवावी लागते."

अशात एका दुपारी वाडीच्या फाटकातून एक म्हातारे आत आले. डोक्याला फडकं, बगलेत छत्री, हातातल्या पिशवीतून सुक्या बोंबलांच्या शेपट्या बाहेर. अंगणात उभे राहिले आणि हाक मारायला लागले.

"अनसू. ए अनसू."

मी बाहेर आले. "आजोबा, ती तिकडे आहे. कोपऱ्यात. पण तिला हाक मारून काय उपयोग, ती बोलत नाही."

म्हातारे जागीच थबकले. "बोलत नाय? कवापासनं?"

"पहिल्यापासूनच."

"काय सांगतेस? मागल्या साली आलो तेवा चांगली बोलत होती."

"बरी आहे हो आता. मागे शेळीनं खाल्ली होती, तेव्हापासून जरा जपतो आम्ही."

म्हातारे ओट्यावर बसले.  "शेळीनं," एवढंच पुटपुटले.

तेव्हा वरून आवाज आला. मी कधी ऐकला नव्हता असा, कोवळा.

"ओ, दादा. वर ये. ती पोर शिकलेली हाय, तिच्याकडं ध्यान देऊ नको."

मी पाणी आणलं. दातिवऱ्याहून आलेला मोठीबायचा भाऊ तो. मागल्या साली आला तेव्हा मी माहेरी होते. पाणी पिता पिता त्यानं सांगितलं. माहेरी ती अनसूया. लग्नात तात्यांच्या आईनं ताटातल्या तांदळात नाव लिहिलं ते पार्वती. पुढे पार्वतीही कुणी म्हटलं नाही. सून म्हणून आली, वहिनी झाली, आई झाली, मोठीबाय झाली. "तिच्या नावानं तिला हाक मारनारा मीच एक उरलोय," म्हातारे म्हणाले. "म्हनून येतो. बोंबील काय, इकडंबी मिळतात."

मी कोपऱ्याकडे बघितलं. तात्या आमच्याकडे पाठ करून सोपटाच्या पट्ट्या भिजवत होते. भिजलेल्याच पुन्हा भिजवत होते. कान लाल.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, मुंबई पाहिलेली, पण माझंही नाव लग्नात बदललं होतं. माहेरची कुसुम, सासरची वसुंधरा. पहिले काही महिने कुणी 'वसुंधरा' म्हटलं की मी मागे वळून बघायची, कोण आलं म्हणून. आणि हे तर मला नुसतं 'अगं' म्हणायचे. मी त्यांना 'अहो'. एवढं असून मला तीन वर्षं कळलं नव्हतं. एसटीच्या खड्ड्यांनी काही केलं नव्हतं. तात्यांना 'हनीसकल' म्हणता येत होतं, शेळीला ते रोज तीच हाक मारत होते. पण त्या पिढीच्या माणसानं बायकोला नावानं, तेही तिच्या माहेरच्या नावानं, मोठ्यानं, चारचौघांत हाक मारायची, तर वेल लावण्यावाचून दुसरा रस्ता कुठला?

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या ओरडले, "काय गं अनसूये, उठलीस का?" वरून ठक्. आणि ती काठी मला पहिल्यांदा नीट ऐकू आली.

होळीनंतरची सकाळ. तात्यांनी शिडी लावली. मी दारात भांडी घासायला बसले होते, म्हणजे भांडी निमित्ताला होती. तात्या वर चढले, चौकटीशी पहिल्या सोपटाला हात घातला. खिडकी उघडली. दोघं समोरासमोर, मध्ये हातभर अंतर. आणि मोठीबाय खाली माझ्याशी बोलली.

"सूनबाय, त्यांना सांग, आता खाली आनू नका."

तात्याही माझ्याशीच बोलले. "सूनबाय, तिला सांग, उतरवली नाय तर जोम धरत नाय."

मी तांब्या हातात घेऊन वर बघत राहिले. माझी गरज कुणालाच नव्हती.

"जोम धरून आता कुटं जायचंय म्हनावं? सोताच्या पायानं वर आलीय. वरच ऱ्हाऊ दे."

"खालून नागडी होईल."

"खालचं कोन बगतंय? वरनं हिरवी हाय ना?" मोठीबाय थांबली. मग म्हणाली, "फुलू दे म्हनावं एकदा."

तात्या शिडीवर तसेच. कोयती खिडकीच्या चौकटीवर टेकवलेली. वाऱ्यानं अनसूयेची शेंडी हलत होती, कधी म्हाताऱ्याच्या बाहीला लागत होती, कधी म्हातारीच्या मनगटाला. मग ते उतरले, शिडी उचलून गोठ्याकडे घेऊन गेले. दुपारी त्यांनी त्या खड्ड्यात केळीचा मुनवा, बुंध्याशी फुटलेला कोंब, लावून टाकला. खड्डा वाया कशाला घालवायचा?

वेल फुलली ती संध्याकाळची. आधी वास आला. बोंबील, मासळीचा चुरा, शेळी, या सगळ्यांवर मात करत तो वास अंगणात उतरला. फुलं पांढरी, लांब गळ्यांची, जोडीजोडीनं. दुसऱ्या दिवशी तीच पिवळी होतात, तोवर नवी पांढरी आलेली असतात, त्यामुळे एकाच फांदीवर चांदी आणि सोनं. खिडकीतून एक हात बाहेर आला. बांगड्या सैल झालेला हात. चाचपत त्यानं एक जोड धरला आणि खुडला.

सकाळी तात्या कोपऱ्यात आले. मी तांब्या घासत होते. रोजचा आरडाओरडा सुरू होईल म्हणून थांबले. झाला नाही. ते वेलीकडे बघतच नव्हते. मान वर होती. वर खिडकीत मोठीबाय, अंबाड्यात कालची फुलं, रात्रीत पिवळी पडलेली.

"अनसूया," तात्या म्हणाले. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं इतक्या हळू.

काठी वाजली नाही.

"ओ," मोठीबाय म्हणाली.

मी मान वर केली नाही. माझ्या आयुष्यात मी दाखवलेल्या शहाणपणाच्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यातली ही एक.

पुढे ह्यांना बोईसरमध्ये जागा मिळाली, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीसकट. निघताना तात्यांनी ओल्या गोणपाटात बांधून एक फांदी दिली. चपला घालून जवळ जाऊ नको, शिट्टी वाजवू नको, सुतळीनं बांधू नको, सगळे कायदे पुन्हा सांगितले. उतरवायचं मात्र सांगितलं नाही. मी विचारलं, "हिला नाव काय सांगू लोकांना?" तात्या म्हणाले, "ते तुज्या नवऱ्याला इचार."

वेल गॅलरीच्या गजांना धरून राहिली. कारखान्यांची धूळ बसते, धुतली की पुन्हा हिरवी. आमचे हे आता निवृत्त. सकाळी तोंड धुऊन झालं की चपला बाहेर काढून ठेवतात, गॅलरीत जातात आणि कुंडीला पाणी घालता घालता वेलीला काहीतरी विचारतात. नातवंडांना वाटतं आजोबांना झाडांशी बोलायची सवय आहे. "आजी, आजोबा कुसुम कुणाला म्हणतात?" धाकटी विचारते.

"वेलीला," मी सांगते. आणि हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरात ठेवते. एकदाच.